नंदाक्का आणि चोळी-बांगडीची बारी

आमच्या ऑफिसात नंदाक्काला कुणी 'मॅडम' म्हटलं की ती मागं वळून बघायची. नाटक नाही, खरोखर वळायची, आपल्या मागं कुणी उभं आहे का ते नीट बघायची आणि मग म्हणायची, "मॅडम पुण्याला ऱ्हात्यात. हितं आक्का हाय. बोला." नवा आलेला पोरगा गार व्हायचा. दुसऱ्या दिवशीपासून तोही आक्का म्हणायला लागायचा. मी वयानं तिच्याहून मोठा, तरी मीसुद्धा आक्काच म्हणायचो. इलाजच नव्हता.

सांगलीत हळदीच्या पेठेमागं एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. खाली हळदीचं गोदाम. सौदे सुरू झाले की खिडकी बंद ठेवा नाहीतर उघडी, कीबोर्ड पिवळे होणार म्हणजे होणार. पुण्याहून साहेब यायचे ते पहिल्यांदा टेबलावरून बोट फिरवून बघायचे आणि नाक मुरडायचे. आक्का लगेच, "हळद लागली साहेब, आता लग्न करूनच जावा." साहेबांना हसावं की चिडावं कळायचं नाही. ते चहा मागवायचे.

आक्का म्हसवडकडची. वडील मेंढपाळ, अर्धं वर्ष मेंढरामागं. आवाज तिला तिथूनच मिळालेला. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला बोलवायला आमच्याकडं फोन होते, पण आक्का तो उचलायचीच नाही. "प्रशांतऽऽ" अशी एक हाक, की प्रशांत तर यायचाच, खालचा हमालही वर बघायचा. एसीची तिला थंडी वाजायची म्हणून खुर्चीवर काळं घोंगडं. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून ती परत आली होती. का आलीस विचारलं की म्हणायची, "तिथं माडगं मिळंना." हुलग्याचं माडगं ती डब्यात आणायची आणि ज्याला सर्दी झाली असेल त्याला न विचारता पाजायची. एकदा साहेबांनाही पाजलं. साहेबांची सर्दी गेली, पण तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही.

तर या साहेबांना सांगलीचं ऑफिस बंद करायचं होतं. भाडं, लाईट, हळद, सगळ्याचा त्यांना कंटाळा आलेला. "ज्यांना यायचंय त्यांनी पुण्याला या, जागा आहे," असं ते उदार मनानं म्हणायचे. त्यांना बोलायला काय जातंय! आमच्यातल्या निम्म्या पोरी तासगाव, मिरज, कवठ्याकडच्या. सांगलीला नोकरीला जायची परवानगी घरातून मिळवता मिळवता त्यांची निम्मी ताकद संपलेली. त्यांना पुण्याला कोण पाठवतंय? ऑफिस बंद म्हणजे त्या घरी, आणि घरी म्हणजे स्थळं बघायला सुरुवात. आक्काला हे पक्कं ठाऊक होतं. तिनं साहेबांशी सरळ बोलणी केली. वडूजकडच्या एका गावाचं काम येऊ घातलं होतं. ते गावाला पसंत पडलं तर शेजारची गावंही घेणार होती. काम मिळालं तर ऑफिस राहील, नाही मिळालं तर बंद. साहेब म्हणाले, ठीक आहे.

काम ऐकायला सोपं होतं. कोरडवाहू मुलूख, विहिरी सामाईक. एका विहिरीत सगळ्या भावकीचा हिस्सा. कुणी कधी मोटर चालवायची ते ठरलेलं. त्या ठरलेल्या वेळेला म्हणायचं बारी. लाईट कधी येणार, आज बारी कुणाची, उद्या कुणाची, यावरून गावात रोज डोकी तापायची. आम्ही असा प्रोग्राम करायचा होता, की त्या विहिरीच्या प्रत्येक हिस्सेदाराच्या मोबाईलवर आजची आणि उद्याची बारी आपोआप यावी.

आता इथं थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागतं, कंटाळू नका. आम्ही प्रोग्राम लिहितो त्यात शेतकरी ही एक वस्तू, विहीर ही दुसरी. माहिती मात्र खाली तक्त्यांमध्ये साठते. वस्तूंची आणि तक्त्यांची सोयरीक जमवून देणारं एक तयार साधन असतं. एका विहिरीत अनेक शेतकरी आणि एका शेतकऱ्याच्या अनेक विहिरी, अशी दोन्हीकडून अनेकांची जोड आली की ते साधन म्हणतं, तुम्ही डोकं चालवू नका. शेतकऱ्याजवळ त्याच्या विहिरींची यादी ठेवा, विहिरीजवळ तिच्या शेतकऱ्यांची ठेवा, मधला तक्ता माझा मी बनवतो. आणि बनवतंही बिचारं. त्या मधल्या तक्त्यातल्या ओळीत दोनच गोष्टी, कोण आणि कुठली विहीर. लिहिणाऱ्याला तो तक्ता दिसतसुद्धा नाही. जगात हजारो लोक असंच करतात.

आक्कानंही पहिल्यांदा तसंच केलं. वर घाईत आणखी एक खूण करून ठेवली, की एखादी वस्तू काढली तर तिला जोडलेलंही काढून टाकावं.

मग आम्ही गावात दाखवायला गेलो. सोसायटीच्या खोलीत सगळी मंडळी जमलेली, पुढं अध्यक्ष आण्णा. आण्णा म्हणजे डोक्याला टापटीप फेटा आणि प्रत्येक गोष्टीवर शंका. सगळं बघून झाल्यावर ते म्हणाले, "ह्ये बापू गेल्या महिन्यात वारलं. त्यांचं नाव काढून दावा बघू." आक्कानं बटण दाबलं. बापू गेले. बापूंबरोबर त्यांच्या विहिरी गेल्या. त्या विहिरींबरोबर त्यांचे हिस्सेदार गेले, आणि त्या हिस्सेदारांबरोबर त्यांच्या आणखी कुठं कुठं होत्या त्या विहिरी. भिंतीवरच्या पडद्यावर भराभर गाव रिकामं होत गेलं.

मग आण्णा शांतपणे म्हणाले, "आवं ताई, बापू गेलं त्ये खरं. पर जाताना हीर बी घिऊन गेलं का काय?"

"आन भावकी बी!" मागून कुणीतरी ओरडलं.

असा हशा उठला म्हणता! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आक्का मात्र सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आण्णांना म्हणाली, "आण्णा, आमचं चुकलं. एक डाव माफी द्या, पुन्यांदा येतो." आण्णांनी माफी दिली ती मला वाटतं त्या हसण्यापोटी.

परतताना विटा येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. आक्का गप्प, म्हणजे आम्हाला गाडीत श्वास घ्यायची चोरी. विट्याला चहाला थांबलो तेव्हा बशीत फुंकर मारता मारता म्हणाली, "मी दोन टोकं लिवली रं. मधलं सोडलं."

"मधलं म्हणजे?" प्रशांत म्हणाला. प्रशांत आमच्यातला सगळ्यांत हुशार पोरगा.

"नवरा लिवला, बायकू लिवली. संसार कुठं लिवला?" आक्का म्हणाली. "आमच्या आबाकडं लोकांची मेंढरं असायची, अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर. मालक एक, राखणार दुसरा. मालकावरनं कवा भांडान झालं न्हाई, मेंढरावरनं न्हाई. भांडान व्हायचं त्ये बोलीवरनं. कोकरू कुनाचं, लोकर कुनाची, कवापासनं ठरलं. ती बोली मधी असतीया. आमी तिला दोन आकड्यांत गुंडाळून ठिवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खिडकीच्या काचेवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: मधल्याला नाव द्या. ऑफिसात पांढरे फळे होते, पण आक्का काचेवरच लिहायची, कारण फळा पुसला जातो. साधनानं आपोआप केलेला तो मधला तक्ता तिनं काढून टाकला आणि 'बारी' ही आपल्या हातानं घडवलेली तिसरी वस्तू मध्ये उभी केली. शेतकऱ्याला अनेक बाऱ्या, विहिरीला अनेक बाऱ्या, आणि बारी म्हणजे स्वतःचा वार, वेळ, सगळं असलेली स्वतंत्र बाई. शेतकरी काढला तर फार तर त्याची बारी वारसाकडं जाईल. विहीर जागच्या जागी.

तेव्हापासून ऑफिसात तो एक छंदच झाला. दवाखान्याचं काम आलं, की "डॉक्टर हाय, पेशंट हाय. मधी काय हाय?" शाळेचं आलं, की "पोरगं हाय, इषय हाय. मधी काय?" एकदा कुणी कंटाळून म्हणालं, आक्का, मध्ये काही नाही, नुसती जोड आहे. ती उसळलीच. "नुसती जोड बैलाची बी चालत न्हाई गड्या, मधी जू लागतंय!"

आणि हे वेड कामापुरतं राहिलं असतं तर ती आक्का कसली? प्रशांत आणि शीतल यांचं काही चाललंय हे सगळ्या ऑफिसाला ठाऊक होतं. दोघं एकाच बसनं यायची आणि दाराशी आल्यावर एकमेकांना ओळख दाखवायची नाहीत. एक दिवस भर दुपारी डबे उघडलेले असताना आक्का दोघांच्या मधोमध येऊन बसली. "प्रशांत हाय. शीतल हाय. मधी काय हाय?" शीतलचा घास तोंडातच राहिला. प्रशांत लालबुंद. "नाव द्या की त्येला! का मी देऊ?" दोघांच्या घरी आक्का स्वतः जाऊन बोलली. दिवाळीनंतर साखरपुडा झाला, आणि त्यात फोटो काढायला आक्का दोघांच्या मधीच उभी राहिली. तिला बाजूला व्हायला सांगायची कुणाची छाती नव्हती.

गावात मात्र अजून परीक्षा होती. आक्का म्हणाली, आता कागदावरनं काही घ्यायचं नाही, माणसांना विचारायचं. आम्ही पारावर बसून राहायचो. एकेकाला तिचे तेच प्रश्न: कुठली हीर? बारी कवा? आणि शेवटी, "ती आली कुठनं?" या शेवटच्या प्रश्नाला म्हातारी माणसं खुलायची. कुणी म्हणे वडलांनी वाटणीत दिली, कुणी म्हणे हीर खांदताना आमचं बैल हुतं म्हणून मिळाली. बाजीराव नावाचा एक गडी होता, जाड मिशांचा, भावकीत दरारा असलेला. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "आमच्या आज्यानं, गोविंदा आबानं दिली वाटणीत. अख्ख्या गावाला इचारा!" आक्कानं जसंच्या तसं त्याच्या बारीच्या नोंदीत उतरून घेतलं.

दुपारी आण्णांच्या पडवीत एक म्हातारी आली. पांढरेशुभ्र केस, काटक, डोईवर पदर. जोत्यावर बसली आणि म्हणाली, "पोरी, तुज्या त्या डबड्यात माजी बारी हाय का न्हाई, येवडंच सांग."

ती हौसाबाई. गोविंदा आबाची लेक, म्हणजे त्या बाजीरावाची सख्खी आत्या. तिला गावातच दिलेली, ओढ्यापल्याड तुकडाभर रान. लग्नात बापाकडं लेकीच्या अंगावर घालायला सोनं नव्हतं, म्हणून त्यानं चोळी-बांगडीला, म्हणजे माहेरची कायमची भेट म्हणून, विहिरीची एक बारी दिली. त्या मुलखात ही जुनी रीत. भावानं, म्हणजे बाजीरावाच्या बापानं, हयातभर बारी पाळली. भाऊ गेला आणि बाजीरावनं हात आखडता घेतला. सातबाऱ्यावर नाव कुठाय, म्हणाला. म्हातारीचा कांदा पाण्यावाचून माना टाकत होता.

"हाय," आक्का म्हणाली. "तुमची बारी हाय, मावशी."

त्या संध्याकाळी साहेबांचा फोन, आक्कानं तो स्पीकरवर घेतला. आण्णांनी त्यांना आधीच सांगितलेलं, की आमच्या प्रोग्रामप्रमाणं पाणी सोडायच्या पहिल्याच फेरीला विहिरीवर भांडण झालं तर गाव हे काम घेणार नाही. साहेब म्हणाले, "नंदा, ती म्हातारी बाजूला ठेव. सातबाऱ्यावर नाही ना? मग आपल्याकडंही नाही. एका बाईपायी सगळं ऑफिस घालवू नकोस."

"साहेब, सातबारा सांगतो रान कुनाचं. पानी कुनाचं त्ये त्येला काय ठावं?"

"उगाच हट्ट करू नकोस. त्या पोरींचा विचार कर."

आक्कानं शीतलकडं बघितलं. तो एक क्षण मला अजून आठवतो, कारण तिच्या चेहऱ्यावर भीती मी तेव्हाच एकदा पाहिली. शीतल आमच्या शेजारीच बसलेली होती. तिनं मान हलवून आक्काला सांगितलं, राहू दे तिची बारी. आक्का फोनवर म्हणाली, "पोरींचाच इचार करतीया साहेब. आज हिची बारी काडली, तर उद्या मी ह्यांना काय शिकवू?" आणि फोन ठेवून दिला. मला तर वाटलं, संपलं ऑफिस.

पहिल्या फेरीच्या सकाळी विहिरीवर ही गर्दी! हौसाबाईची बारी म्हणून निम्मं गाव तमाशा बघायलाच आलेलं. साहेबही पुण्याहून आले होते. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून बांधावर एका दगडावर उभे. बाजीराव स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून, हाताची घडी घालून. लाईट आली, आणि सगळ्यांच्या खिशांत एकदम मोबाईल वाजले.

बाजीरावनं मुद्दाम मोठ्यानं वाचलं. "आजची बारी हौसाबाई. कुठून आली... वडील गोविंदा यांनी चोळी-बांगडीला दिली." आणि हसला. "कागूद कुठाय ह्येला? टायपिंग काय, कुनीबी करंल!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मी आक्काकडं बघितलं. ती म्हणाली, "बराबर हाय दादा. जरा खाली वाचा की. उद्याची बी आलीया."

बाजीरावनं अंगठा सरकवला. "उद्याची बारी बाजीराव. कुठून आली..." आणि पुढं वाचेना.

"वाच की रं," आण्णा म्हणाले. स्वतःच्या मोबाईलवरून त्यांनीच वाचलं, "आजोबा गोविंदा यांनी वाटणीत दिली."

"ह्ये कुनी घातलं हितं?"

"तुमीच सांगितलं," आक्का म्हणाली. "पारावर. अख्ख्या गावाला इचारा म्हनला हुता."

ती वाटणीसुद्धा तोंडीच झालेली, तिलाही कागद नव्हता, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं? हौसाबाई पदर सावरत पुढं आली आणि बाजीरावच्या समोर उभी राहिली. ती त्याच्या छातीपर्यंतही येत नव्हती.

"बाज्या, माज्या बानं दिल्यालं खोटं, आन तुज्या आज्यानं दिल्यालं खरं? आरं, एकच मानूस हुता रं त्यो!"

बाजीरावनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग मोबाईल खिशात घातला, वळला, पेटी उघडली आणि स्वतःच्या हातानं स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटर घरघरली. "जा आत्या," तो म्हणाला, "दारं धर जा. पानी वाया जाईल."

मग जो गलका झाला तो काय सांगू! कुणी शिट्टी मारली, कुणी आण्णांचा फेटा उडवला. आण्णा तो झेलत म्हणाले, "ताई, आमच्या समद्या हिरी घ्या. पल्याडच्या गावाचं बी मी बगतो!" साहेब दगडावरून उतरले, बूट चिखलात गेले तरी त्यांना भान नव्हतं, आणि चक्क टाळ्या वाजवत होते. शीतल रडत होती. प्रशांत सगळ्यांदेखत तिचा हात धरून उभा होता.

त्यानंतर वर्षभरानं माझी बदली झाली, मी सांगली सोडली. आक्का तिथंच आहे. ऑफिस आता खालच्या गल्लीपर्यंत वाढलंय, असं ऐकतो. पण माझ्या डोळ्यांपुढं येते ती त्या सकाळची आक्का. चपला एका हातात, सलवार घोट्याच्या वर खोचलेली, आणि पाटातून पाण्याच्या पुढं पुढं पळणारी. दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर सांगलीतल्या पोरी. ओढ्यापल्याड कांद्याच्या रानात म्हातारी खोरं घेऊन तयार. आक्कानं ते खोरं तिच्या हातातून घेतलं, पहिल्या वाफ्याचं मातीचं दारं मोडलं, पाणी आत शिरलं, आणि मेंढरामागच्या त्या आवाजात ती मोबाईलमध्ये ओरडली, "पोरींनोऽऽ, सोमवारी समद्या कामावर! कुनी बी पुन्याला जात न्हाई!"